खिडकीतला घेवडा

१२ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी पोचलं. कानातलं यंत्र पुन्हा शिट्या मारायला लागलंय म्हणतेस, तर ते दुकानात नेऊन दाखव. ड्रॉवरमध्ये ठेवून सुधारणार नाही. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून साऱ्या जगाचं ऐकलंस, आता जगाला म्हणावं, लिहून पाठवा. मला तर फोनपेक्षा पत्रच बरं. फोनवर मी ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्यापुढे जात नाही, हे तुझी वहिनी सगळ्यांना सांगायचीच.

इकडे थंडी ओसरली आणि रविवारी वस्तीची बाग उघडली. शेडचं कुलूप गंजून बसलं होतं, ते तेल घालून सोडवलं. फावड्यांना धार लावली, ढकलगाडीचं चाक डुगडुगत होतं ते घट्ट केलं. अडतीस वर्षं लेथ चालवलेला माणूस मी, लोखंडाचं मला कळतं. मातीचं खातं तुझ्या वहिनीचं होतं. सव्वीस वाफे, सव्वीस घरं, आणि सगळ्यांचे प्रश्न घेऊन लोक तिच्याकडे यायचे. तिच्याशिवायचा हा पहिलाच हंगाम.

बागेचे प्रमुख म्हणजे आमचे पोस्टमास्तर. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण बागही पोस्टासारखीच चालवतात. ते फेब्रुवारीत घरी आले आणि म्हणाले, खताची परीक्षा तुमच्याच घरात राहू दे. तुला आठवतं ना ते? तबेल्यातून घोड्यांच्या लिदीचं खत येतं. ते वाफ्यांत पडायच्या आधी ती तीन डब्यांत भरायची, त्यात घेवडा लावायची आणि तीन आठवडे स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायची. ती हो म्हणेपर्यंत त्या ढिगाला कुणी फावडं लावत नसे.

मीही तसंच केलं. घेवडा उगवला, पण चिमे, काय सांगू, पानं सरळ उघडतच नाहीत. कडा आत वळून चमच्यासारखी झालीत आणि देठ पिळल्यासारखे. तिन्ही डब्यांत तोच प्रकार. तिचा घेवडा कसा ताठ असायचा, तळहाताएवढी पानं. पाणी जास्त झालं असेल, नाहीतर ऊन कमी पडलं असेल, नाहीतर माझ्या हातालाच गुण नाही. रविवारी सगळे गाड्या घेऊन उभे राहणार, तेव्हा ही सोंगं घेऊन जाऊ मी त्यांच्यासमोर? लाज वाटते गं. काय सांगावं ते कळव.

तिच्या वाफ्यात अजून पाय टाकलेला नाही. कडेला उभा राहून येतो.

सूनबाईंना आशीर्वाद. लोभ आहेच, तो टिकवायला उत्तर लगेच टाक.

तुझा दादा


१६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी एवढी हसले की सूनबाई खोलीत डोकावून गेली. अरे, लहानपणी दारातल्या गुलाबाला दिवसातून चारदा पाणी घालून घालून तू कुजवलास. लग्नानंतर वहिनी निवडुंगाची कुंडी तुझ्या भरवशावर सोडून माहेरी गेली, तर तो निवडुंगही गेला! निवडुंग मारायला कर्तृत्व लागतं, दादा. त्या घेवड्याने तुला बघूनच अंग चोरलं असेल.

हे बघ, उगवला ना? मग खत पास. खत जाळणारं असतं तर बी वरच आलं नसतं, एवढं मलाही कळतं. डबे रिकामे कर आणि रविवारी ताठ मानेने सांग की सगळं ठीक आहे. तुझ्या खिडकीत डोकवायला कोण येतंय?

आता थट्टा पुरे. मला घेवड्याची काळजी नाही, तुझी आहे. पाच महिने तू घरात बसून रेडिओशी बोलतोयस. त्या लोकांनी तुला काम दिलंय ते हातचं घालवू नकोस. घेवडा बिघडला म्हटलंस तर उद्या दुसऱ्या कुणाला सांगतील आणि तू पुन्हा त्या खुर्चीत. जा, आणि वहिनीच्या वाफ्यात उतर. ती काही तिथे काठी घेऊन बसलेली नाही.

यंत्र दाखवलं. यापुढे त्याचाही फारसा उपयोग नाही म्हणाले. असो. भांड्यांची आदळआपट तरी ऐकू येत नाही.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझी चिमी


३१ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं. डबे मागच्या बाजूला उपडे केले आणि रविवारी सांगितलं की खत चांगलं आहे. तीनच शब्द. एकीशिवाय कुणी डबे मागितले नाहीत. पोस्टमास्तरांनी पाठीवर हात ठेवला. बेकरीवाला म्हणाला, मिस्त्री, घरातली विद्या जाते कुठे! त्या दिवशी घरी येऊन मी दोनदा वाढून घेतलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली.

खत सगळ्यांनी नेलं, एक नर्सबाई सोडून. ही बाई गेल्या वर्षी आली, कोपऱ्यातला वाफा तिचा. पन्नाशीची, एकटी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याचा दिवस खराब व्हावा. कुणी झारी जागेवर ठेवली नाही तर फळ्यावर चिठ्ठी लावते, तीही लाल शाईने. मला म्हणाली, डबे दाखवा. मी म्हटलं, काम झालं, टाकून दिले. तर म्हणते, वहिनी डबे आणून सगळ्यांसमोर ठेवायच्या. आणि रिकामी गाडी ढकलत गेली. घरच्या सालींचं खत घालते म्हणे. नाकाने कांदे सोलणारी बाई! दुपारभर माझं डोकं तापलेलं होतं.

मग तिच्या, म्हणजे तुझ्या वहिनीच्या, वाफ्यात उतरलो. टोमॅटोची बारा रोपं लावली, एका बाजूला घेवडा. गुडघे टेकले ते उठवेना, बेकरीवाल्याने हात दिला. रडू आलं ते गुडघ्यांच्या नावावर खपवलं.

तुझं पत्र नसतं तर मी गेलोच नसतो. लोभ असाच ओरडून सांगत जा.

तुझा दादा


५ मे

चि. चिमीस,
आशीर्वाद.

पत्र लांबलं. लिहायला बसायचो आणि उठायचो.

बाग बिघडली आहे. आधी कोपऱ्याकडच्या चार वाफ्यांत टोमॅटोचे शेंडे वळले. मग वाटाणा, मग घेवडा. आता सव्वीसपैकी पंचवीस वाफ्यांत तेच. पानं चमच्यासारखी आत वळलेली, देठ पिळलेले. बेकरीवाल्याच्या म्हातारीने हाताने लावलेली रोपं, तीही तशीच. ती बिचारी रोज एकेक पान सरळ करत बसते, इस्त्री केल्यासारखं.

नर्सबाईंचा वाफा तेवढा हिरवागार. आणि ज्या चार वाफ्यांत सुरुवात झाली ते तिच्याच शेजारचे. तिला फवारणीचा पंप घेऊन फिरताना दोघांनी पाहिलं होतं. ती म्हणाली, त्यात साबणाचं पाणी होतं, माव्यासाठी. कोण ऐकतं? लाल शाईच्या सगळ्या चिठ्ठ्यांचा हिशेब लोकांनी मागच्या आठवड्यातल्या सभेत चुकता केला. बागेचा नियमच आहे की जो दुसऱ्याच्या वाफ्याची नासाडी करील त्याचा वाफा जाईल, कायमचा. पोस्टमास्तरांनी हात वर करायला सांगितले. सगळ्यांचे झाले. नर्सबाईंनी एकेकाकडे नीट बघून घेतलं आणि शेडची किल्ली टेबलावर ठेवली.

माझाही हात वर होता.

चिमे, ती पानं मी ओळखतो. खिडकीत तीन आठवडे रोज बघितली आहेत. कोपऱ्याकडचे वाफे आधी बिघडले, कारण खताच्या पहिल्या गाड्या तिकडे गेल्या. तिचा वाचला, कारण तिने खत घेतलंच नाही. सभेत बसलो होतो तेव्हाच हे सगळं डोक्यात लख्ख होतं. तरी हात वर गेला. कसा गेला ते मला विचारू नकोस.

आठ दिवस जेवण जात नाही. लवकर लिही.

दादा


९ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं आणि मग माझंच मार्चमधलं पत्र डोळ्यांसमोर उभं राहिलं. डबे रिकामे कर, असं मीच लिहिलं होतं. निवडुंगाची थट्टा मीच केली होती. तू लाजून विचारत होतास आणि मी खिदळत होते. वहिनी असती तर ते पान बघून तिने तोंडात मारली असती आपल्या दोघांच्या. बी उगवतं की नाही हे ती बघतच नसणार रे. पानं कशी येतात ते बघत असणार. एवढं साधं आपल्या दोघांच्या टाळक्यात शिरलं नाही.

पण दादा, खताचं आपण नकळत केलं. हात तू जाणूनबुजून वर केलास. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढायला तू! ती बाई तोंडाळ असेल, लाल शाईची असेल, म्हणून तिच्यावर हे घालायचं? आपण कुणाची मुलं आहोत ते विसरलास का?

उद्याच पोस्टमास्तरांकडे जा आणि सांग. माझं नावही घे. मला वाईट वाटेल म्हणून ते गाळू नकोस.

रागावले आहे, पण तुझ्यापेक्षा जास्त स्वतःवर. दोन घास खा. माया आहे म्हणूनच एवढं लिहिते.

चिमी


२० मे

चि. चिमीस,
आशीर्वाद.

पोस्टमास्तरांकडे गेलो होतो. सगळं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे तबेल्यात फोन केला. तबेलेवाला म्हणाला, या वर्षी घोड्यांना बाहेरचं वाळलेलं गवत घातलं होतं, आणि त्या कुरणावर तणनाशक मारलेलं होतं. ते औषध गवतातून घोड्याच्या पोटात जातं आणि लिदीतून जसंच्या तसं बाहेर पडतं म्हणे. घेवडा आणि टोमॅटोला ते सोसत नाही. म्हणजे तू लिहिलंस तेच खरं. तुझी वहिनी डबा मांडीवर घेऊन पान उलटंसुलटं करत बसायची, आणि मला वाटायचं की तिला ते बघायला आवडतं.

पोस्टमास्तरांनी फोन खाली ठेवला. मग म्हणाले, मिस्त्री, झाकली मूठ झाकलेलीच राहू दे. बाईंनी किल्ली दिली, विषय मिटला. आता उघड केलं तर लोक म्हणतील, वहिनींच्या घरातूनच बाग बुडाली. खताचा ढीग पडतो त्या चौकोनावर तिच्या नावाची पाटी लावायचं ठरलंय, रंगवूनही झाली आहे. ती पाटी मला दाखवली. निळ्यावर पांढरी अक्षरं, अगदी सुबक. 

परत येताना नर्सबाई दिसल्या. आपली रोपं मुळांवरच्या मातीसकट काढून बादल्यांत भरत होत्या. टोमॅटोला फुलं लागलेली होती. दोन्ही हातांत दोन बादल्या घेऊन बसथांब्याकडे जायच्या, ठेवायच्या, परत यायच्या. पाच फेऱ्या झाल्या. मी शेडच्या मागे उभा होतो. एक बादली उचलायला पुढे झालो नाही.

पोस्टमास्तरांचं म्हणणं अगदीच चूक नाही, असंही वाटतं. नर्सबाईंची रोपं तर वाचली. आता तुझ्या वहिनीच्या नावाला कशाला बट्टा? माझंही काय राहिलंय, चिमे? सकाळी उठून त्या वाफ्यात जातो, एवढंच. तो गेला तर दिवस कुठून सुरू करायचा तेच मला कळणार नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी लिही.

दादा


२४ मे

ती. दादास,
सा. न.

वहिनीचं नाव मध्ये घालू नकोस. ती डबे सगळ्यांसमोर आणून ठेवायची, असं तूच लिहिलंस. तिच्या पाटीच्या आड लपणारा माणूस माझा दादा नव्हे. रागात लिहितेय, अक्षर लावून घे.

तुला वाफा जायची भीती वाटते ते मला कळतं. मलाही भीती कळते. दोन वर्षांपूर्वी मागून आलेल्या मोटरसायकलचा हॉर्न ऐकू आला नाही आणि मी रस्त्यावर आडवी झाले, तेव्हापासून मी एकटी कोपऱ्यावरच्या दुकानातही गेलेली नाही. तुला हे सांगितलं नव्हतं. सूनबाईला शपथ घातली होती.

शनिवारच्या दुपारच्या बसने मी येते आहे, एकटी. घ्यायला ये. रविवारी सभा आहे ना तुमची, मी तुझ्या शेजारी बसेन. मला एक अक्षर ऐकू येणार नाही, पण तुझ्याकडे बघणाऱ्यांना मीही दिसेन. तुझं १२ मार्चचं पत्र माझ्याजवळ आहे, ते आणते. माझं १६ तारखेचं तू काढून ठेव. दोन्ही वाचायची, निवडुंगासकट. आणि नर्सबाईंना निरोप पाठवू नकोस. त्यांच्या दवाखान्यात जाऊन हात जोडून बोलावून आण.

पोहे-चहाच्या तयारीत वेळ घालवू नकोस, सभेत काय बोलणार ते पाठ कर.

तुझीच,
चिमी


६ जून

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलीस हे सूनबाईंनी कळवलं. बसमध्ये शेजारच्या बाईंना पूर्ण प्रवासभर माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्यास म्हणे. त्यांचं काय झालं असेल ते त्यांनाच ठाऊक.

निघताना तू बजावलंस की सभेत कोण काय बोललं ते सगळं लिहून पाठव, एकही शब्द गाळू नकोस. म्हणून सगळं लिहितो.

मी उभा राहून सांगितलं ते तुला माहीत आहे. दोन्ही पत्रं वाचली. निवडुंगाशी आल्यावर कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पोस्टमास्तर बुटांकडे बघत होते. बेकरीवाला म्हणाला, माणूस दुःखात होता, चुकला, सोडून द्या. त्याची म्हातारी म्हणाली, मी महिनाभर पानं सरळ करत बसले होते, मला कुणी सांगायचं नाही का? तेव्हा मला मान वर करवेना. तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास तो त्याच वेळी.

मग नर्सबाई उठल्या. त्यांनी एकच विचारलं, हे तुम्हाला कळलं कधी? मी म्हटलं, त्या सभेतच. त्या म्हणाल्या, हात वर करायच्या आधी की नंतर? मी म्हटलं, आधी. त्या म्हणाल्या, मग खताचं जाऊ द्या, खतात कुणीही फसतं. तुम्ही हात वर केलात, त्याला मी चूक म्हणणार नाही, दुसरा शब्द शोधा. आवाज चढला नव्हता. तुझ्याकडे बघून म्हणाल्या, या बाईंनी भावाची थट्टा केली, त्यांना यात ओढू नका. माझी माफी त्यांनी घेतली नाही. घेतली असं तुला वाटलं असेल, कारण तू त्यांना नमस्कार केलास तेव्हा त्यांनीही केला. तो तुला होता.

त्यांचा वाफा त्यांना परत मिळाला. त्यावर हात वर करायची गरजच पडली नाही, पोस्टमास्तरांनी किल्लीच पुढे केली.

आता हात वर झाले त्याचं सांगतो. नर्सबाई म्हणाल्या, नियम माझ्यासाठी होता तसा यांच्यासाठीही आहे का?  कुणाचा हात वर होईना. त्या म्हणाल्या, माझ्या वेळी तर पटापट झाले होते. त्यांचं खरंच होतं. म्हणून पहिला हात मी वर केला. मग पोस्टमास्तरांचा, मग एकेक करत सगळ्यांचे. बेकरीवाल्याने केला तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. तेवढ्यात तू आनंदाने टाळ्या वाजवायला लागलीस. तुला वाटलं, मला माफ केलं म्हणून हात वर झालेत. सगळे तुझ्याकडे बघत राहिले. कुणी तुला थांबवलं नाही, नर्सबाईंनीसुद्धा नाही.

बसथांब्यावर तू वहीच्या कागदावर लिहून मला विचारलंस, वहिनीचा वाफा राहिला ना? मी मान हलवली. तू एवढी हसलीस, दोन वर्षांनी एकटी घराबाहेर पडून माझ्यासाठी आली होतीस, मला नाही म्हणवलं नाही.

तो राहिला नाही, चिमे. मंगळवारी मी रोपं उपटली, माती सारखी केली आणि किल्ली देऊन आलो. आता तिथे दुसरं कुटुंब येईल. फार वाईट वाटतं. तीन दिवस सकाळी उठून चपला घातल्या आणि दारातूनच परत फिरलो. आज चपला घालून पोस्टापर्यंत जाईन, हे पत्र टाकायला.

तुझ्याशी खोटं बोललो, त्याची माफी दे. नाही दिलीस तरी लिहीत जा.

तुझा दादा